दुसऱ्याच्या मुलीसाठी टाळी

एप्रिल सरत आला की उज्जैनची हवा कोरडीठाक होते, ओठ फुटायला लागतात आणि फ्रीगंजातल्या दुकानांबाहेर कूलरच्या गवताचे गठ्ठे येऊन पडतात. घरात पहिल्यांदा कूलर सुरू होतो त्या दुपारी ओल्या गवताचा वास सगळ्या खोल्यांत हिंडतो. बाकीच्यांना त्या वासानं बरं वाटतं. मला आठवतो तो एक हॉल. तिथे कूलर नव्हता, आणि पंखे होते तेही मुद्दाम बंद ठेवलेले असायचे. बॅडमिंटनचं शटल पिसांचं, वाऱ्याची झुळूक लागली तरी वाट सोडतं. म्हणून मे महिन्याच्या सकाळीसुद्धा खिडक्या लावून, पत्र्याच्या छपराखाली, चाळीस-पन्नास आईबाप घामानं निथळत बाकांवर बसलेले असायचे. समोर आमची मुलं खेळायची आणि आम्ही एकमेकांवर पाळत ठेवायचो.

पाळतच म्हणायची ती. पंच कुणाच्या ओळखीचा, कोच कुणाच्या मुलीला पाच मिनिटं जास्त देतात, त्या टोकाची खिडकी आज किलकिली कशी राहिली, हे सगळं आम्हाला ठाऊक असायचं. मुलांनी खेळाडूवृत्ती शिकावी म्हणून आम्ही त्यांना तिथे घातलं होतं. फॉर्मवर तसं लिहूनही दिलं होतं.

त्या बाकांवर सगळ्यात तयार नजर माझी होती. मी एका कॉलेजात प्रवेशाचे कागद तपासते. मार्कशीट, जातीचा दाखला, रहिवासी. वीस वर्षं तेच. खोडलेली तारीख मला बोटाला लागते. ऑफिसात लोक कौतुकानं म्हणतात, "मॅडम से कुछ नहीं छुपता." हे कौतुक मी घरी घेऊन येत असे, आणि घरून हॉलमध्ये.

माझी मुलगी सई तेव्हा बारा वर्षांची होती. अंगानं बारीक, मनगट मात्र लवचिक. नवरा नोकरीनिमित्त रतलामला, रविवारी यायचा. त्यामुळे सईची रॅकेट, सईचं दूध, सईचे सामने हे माझंच खातं. तेरा वर्षांखालच्या मुलींत ती जिल्ह्यात पहिली येणार असं सगळे म्हणत होते. उन्हाळ्यातल्या स्पर्धेत जी पहिली येईल ती भोपाळला राज्य स्पर्धेत एकेरी खेळणार होती. त्या वर्षी मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

आणि मार्चमध्ये वानखेडे आले. मूळचे अकोल्याचे, रेल्वेत बदली होऊन इथे आलेले. त्यांची मुलगी तन्वी सईपेक्षा एक वीत उंच, खांदे रुंद, स्मॅश मारला की छपराखाली आवाज घुमायचा. पहिल्याच दिवशी माझ्या मनात आलं, ही बारा वर्षांची?

पण तन्वीपेक्षाही मला खुपला तो तिचा बाप. हा माणूस टाळ्या वाजवायचा. स्वतःच्या मुलीसाठी सगळेच वाजवतात. हा समोरच्या मुलीसाठीही वाजवायचा. सईनं एकदा नेटच्या अगदी कडेवरून शटल अलगद पलीकडे टाकलं, तन्वी धावत आली तोवर ते जमिनीवर. सगळा हॉल गप्प. तेवढ्यात तन्वीच्या बाजूच्या बाकावरून खणखणीत टाळी. "वा! काय टाकलं पोरीनं!"

मी वळून बघितलं. तो हसला. मी हसले नाही.

शेजारी मिश्रा भाभी बसायच्या. त्यांची मुलगीही त्याच गटात खेळायची. मी हळूच म्हटलं, "भाभी, ये आदमी इतना मीठा क्यों है?"

भाभी पदरानं वारा घेत म्हणाल्या, "होगा कोई भला आदमी. आप भी ना."

भला आदमी. माझ्या टेबलावर येणारे खोटे दाखले नेहमी भल्या माणसांच्याच हातात असतात. मी त्या टाळीचे अर्थ लावत बसले. टाळी वाजवून हा सईचं लक्ष उडवतोय. निवड समितीला दाखवतोय की बघा, कसा सुसंस्कृत बाप आहे. नाहीतर नजर लावतोय. हेसुद्धा मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोलू. एकदा सईच्या रॅकेटच्या मुठीची पट्टी सुटली तर त्यांनी आपल्या पिशवीतली नवी काढून स्वतः गुंडाळून दिली. मला म्हणाले, "ताई, तुमची पोरगी मनगटानं खेळते. तिले सांगू नका पण, नाहीतर विचार करत बसन." घरी आल्यावर मी ती पट्टी उलगडून टाकली आणि टावर चौकातून दुसरी आणून लावली. सईनं विचारलं, "ती क्या खराब होती?" मी म्हटलं, "घट्ट नव्हती." चांगली घट्ट होती.

आता वाटतं, दुष्ट माणसाचा संशय घ्यायला फार काही लागत नाही. चांगल्या माणसाचा घ्यायचा तर रोज मेहनत करावी लागते. ती मी केली.

स्पर्धेच्या आधी आयोजकांनी मला फॉर्म लावायला बसवलं, कारण मॅडमचं अक्षर चांगलं. एकेक फॉर्म, त्याला जोडलेला जन्माचा दाखला, नाव यादीत उतरवायचं. तन्वीचा कागद हातात आला आणि माझं बोट थांबलं. जन्माची तारीख नियमात बसत होती. पण नोंदणीची तारीख जन्मानंतर जवळजवळ चार वर्षांची. मी तो उजेडाकडे धरला. शिक्का बरोबर, सही बरोबर. मग चार वर्षं नोंद का नाही? मला उत्तर माहीत होतं. अशी उत्तरं मला नेहमीच माहीत असतात: वय कमी करायचं असलं की लोक उशिरा नोंद करतात.

मी तिथेच वानखेड्यांना विचारू शकले असते. ते दहा पावलांवर उभे होते, कुणाच्या तरी मुलाच्या बुटाची नाडी बांधून देत. मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परतताना देवास गेटला उतरले आणि एका टायपिंगच्या दुकानात हिंदीतून अर्ज टाइप करून घेतला. हातानं लिहिला नाही, कारण अक्षर चांगलं.

टाइप करणाऱ्यानं विचारलं, "नीचे नाम क्या लिखूँ?"

"एक जागरूक पालक. बस."

तो कागद पाकिटात घालून मी आयोजकांच्या टेबलावरच्या फायलीत सरकवला. नियमासाठी करतेय, सगळ्या मुलींसाठी करतेय, असं मी स्वतःला सांगितलं आणि ते मला पटलंही.

अंतिम सामना सई आणि तन्वीचाच लागला. सकाळी साडेआठची वेळ, पण पत्रा तेव्हाच तापलेला. दोघी कोर्टावर उतरल्या आणि सचिवांनी वानखेड्यांना टेबलाजवळ बोलावलं. माझं पाकीट त्याच सकाळी उघडलं असावं; ओरिजिनल कागद हवेत. वानखेडे लगेच निघाले आणि अर्ध्या तासानं हिरवी फाइल घेऊन परत आले. तोवर सई भिंतीवर शटल मारत सराव करत होती. तन्वीला बाकावर बसवून ठेवलं होतं, फैसला होईपर्यंत कोर्टावर यायचं नाही म्हणून.

सचिव वयस्कर गृहस्थ, कानानं थोडे कमी. त्यामुळे स्वतः मोठ्यानं बोलायचे. त्यांनी फाइल उलटली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "अच्छा, अच्छा! तो बच्ची गोद ली हुई है. पहले बताना था ना भाई!"

पंखे बंद होते. खिडक्या बंद होत्या. त्या हॉलमध्ये पीस पडलं तरी ऐकू यायचं.

वानखेडे पुढे वाकून हळू आवाजात काही सांगत होते, पण सांगायला आता उरलं काय होतं? दत्तक मुलगी, अशी कुजबुज बाकांवरून सरकत गेली. मुलींनी मुलींकडे पाहिलं. तन्वी बुटाची नाडी बांधत होती. बांधून झाली तशी तिनं ती सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. नेटच्या अलीकडे सई हातात शटल धरून उभी होती. तिला काय करावं कळत नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट करत राहिले.

कागद बरोबर होते. सामना झाला. सामना कसला! तन्वीनं मारलेलं प्रत्येक शटल नेटमध्ये जात होतं. सई दोन सरळ गेममध्ये जिंकली. शेवटचा गुण पडला तेव्हा हॉलमध्ये कुणालाच टाळी सुचली नाही, मलासुद्धा. वाजवली ती एकाच माणसानं. वानखेडे उभे राहून टाळ्या वाजवत होते, आधी सईकडे बघत, मग तन्वीकडे. डोळे लाल झाले होते, पण हात थांबत नव्हते.

सई स्कूटरवर माझ्या मागे बसली होती. फ्रीगंजचा पूल चढताना म्हणाली, "आई, कम्प्लेंट कुणी केली असेल?"

"मला काय ठाऊक?"

"तन्वी मॅचभर रडत होती. तुम्हा लोकांना तिथून दिसत नव्हतं, मला दिसत होतं." मग थोड्या वेळानं, "मी जिंकले का ग? मला समजतच नाहीये."

मी म्हटलं, "जिंकलीस तर." गरम वारा तोंडावर येत होता म्हणून बरं, पुढे काही बोलावं लागलं नाही.

परवा त्याच हॉलवरून जाताना मी उगीच आत डोकावले. सई आता इंदूरला शिकते, मला तिथे काही काम नव्हतं. तीच सकाळ, तोच घामाचा आणि वेदनाशामक स्प्रेचा वास. एक बाप जाळीला तोंड लावून मुलावर ओरडत होता, "सो रहा है क्या?" आणि पलीकडे एक बाई दुसऱ्याच कुणाच्या तरी मुलाला म्हणत होती, "बहुत बढ़िया, बेटा." माझी नजर ओरडणाऱ्या बापावर थांबलीच नाही. ती त्या बाईवर जाऊन बसली. ही का म्हणाली असेल? हिचा काय फायदा? सवय म्हणजे काय हे मला त्या क्षणी नीट कळलं. पश्चात्ताप होऊन गेला तरी ती जागा सोडत नाही.

त्या वर्षी मात्र संशयानं वेगळाच रस्ता धरला. तक्रार कुणी केली याचा शोध आईबापांनी दोन दिवसांत लावला, आणि तो साफ चुकीचा लावला. उपांत्य फेरीत तन्वीकडून हरली होती मिश्रा भाभींची मुलगी. म्हणजे भाभीच! पुरावा कुणाला हवा होता? भाभी बाकावर बसल्या की शेजारची बाई पिशवी सावरून दूर सरकायची. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "कुछ लोग हार पचा नहीं पाते." खाली हात जोडल्याची चित्रं पडली. भाभींनी मला विचारलं, "दीदी, आपको भी लगता है कि मैंने किया?"

मी म्हटलं, "नहीं भाभी." एवढंच. त्यांना माझा हात धरावासा वाटला असावा, त्यांनी तो धरला. सोमवारपासून त्या हॉलवर आल्या नाहीत. त्यांची मुलगीही नाही.

तीन दिवस मी कैरीचं पन्हं केलं, ऑफिसात कागद तपासले, सईला सरावाला सोडलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी रेल्वे कॉलनीत वानखेड्यांचं क्वार्टर शोधत गेले. तन्वी शिकवणीला गेली होती. वानखेडे वहिनींनी पाणी दिलं. मी ते न पिताच म्हणाले, "भाऊ, तो अर्ज मी केला होता."

वहिनी उठून आत गेल्या. वानखेडे खुर्चीतच बसून राहिले.

"मले वाटलंच होतं," ते म्हणाले.

"कसं?"

"फॉर्म तुमच्या टेबलावर होते, ताई. आन त्या दिवशी सगळे माझ्याकडं पाहत होते. तुमी एकट्याच नव्हत्या पाहत."

मी म्हटलं, "नोंदणी उशिराची होती, म्हणून मला वाटलं की..."

"उशिराचीच राहणार ना! पोरगी आमच्याकडं आली तवा साडेतीन वर्षांची होती." त्यांचा आवाज चढला. तो इतका सौम्य माणूस, त्याचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "आन खरं सांगू? जन्माची तारीख डॉक्टरांनी दात पाहून ठरवली, कोर्टानं मान्य केली. खरी तारीख तिले माहीत नाही आन मलेही नाही. जा, करा अजून एक अर्ज."

मी मान खाली घातली. स्वयंपाकघरात भांडं जोरात ठेवल्याचा आवाज आला.

मग ते आपणहून बोलायला लागले, माझ्याकडे न बघता. "नवीन नवीन आली तवा आमी तिच्यासंगं लुडो खेळत जावो. हरली का उठे, आन आपली पिशवी भरे. दोन फ्रॉक, एक बाहुली. दरवाज्यापाशी जाऊन उभी राहे. रडे नाही, काही नाही. आमाले समजेच ना. मंग एक दिवस माही बायको म्हणाली, अहो, हिले वाटते हरलं का वापस धाडतात." ते थांबले. "तवापासून आमच्या घरी जिंकणाऱ्यालेही टाळी आन हरणाऱ्यालेही टाळी. कोणीही जिंको, कोणी कुठं जात नाही. सहा वर्षं लागली तिले हे पटाले. मैदानात दुसऱ्याच्या पोरीसाठी वाजवतो ते तुमच्या पोरीसाठी नाही, ताई. माह्या पोरीनं ऐकावं म्हणून वाजवतो."

म्हणजे माझा संशय अगदीच खोटा नव्हता. त्या टाळीमागे हेतू होता. एवढ्या महिन्यांत मी लावलेल्या अर्थांत तो एक नव्हता, इतकंच.

"तन्वीला भेटून माफी मागू का?" मी विचारलं.

"बिलकूल नाही. तुमचं मन हलकं होईन आन तिले सारं पुन्हा ऐकावं लागन." मग उठत म्हणाले, "ते मिश्रा भाभींचं नाव मोकळं करा आधी. माफीचं मंग पाहू."

दारापर्यंत सोडायला ते आले नाहीत.

घरी येऊन आधी सईला सांगितलं. ती जमिनीवर बसून रॅकेटच्या तारा चाचपत होती. मी उभ्यानंच सांगितलं, सगळं, टायपिंगच्या दुकानासकट. मला वाटलं ती ओरडेल, रडेल. तिनं रॅकेट पिशवीत घातली, चेन लावली.

"शटल लाइनच्या आत पडलं की बाहेर, यावरून तू मला नेहमी सांगतेस, खरं काय ते बघून बोल," ती म्हणाली. "आता तू हॉलमध्ये नको येत जाऊ."

"किती दिवस?"

"मला नाही माहीत. नको येऊ."

त्याच संध्याकाळी ग्रुपवर मी लिहिलं, "वह शिकायत मैंने की थी. मिश्रा भाभी का उससे कोई संबंध नहीं है. मैं उनसे और वानखेडे परिवार से क्षमा माँगती हूँ." आणि खाली पूर्ण नाव. कुणाचंही उत्तर आलं नाही. हात जोडलेली चित्रंसुद्धा नाहीत. मिश्रा भाभींच्या घरी गेले तर त्यांनी दार उघडलं, चहा दिला आणि त्या हवापाण्याचं बोलत राहिल्या. दीदी म्हणाल्या नाहीत. त्यांची मुलगी पुढच्या आठवड्यात खेळायला आली, त्या स्वतः आल्या नाहीत.

उरलेला मे महिना मी हॉलच्या बाहेर कडुलिंबाखाली स्कूटरवर बसून काढला. आतून बुटांची किरकिर ऐकू यायची, शटलचा टप टप आवाज, कोचचं "फिर से, फिर से." दिसत काही नव्हतं, त्यामुळे शंका घ्यायलाही काही नव्हतं. आत जाणारे आईबाप माझ्याकडे बघून नजर फिरवायचे. कुणीतरी म्हटलेलं ऐकू आलं, "नाटक है." मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं.

भोपाळला दुहेरीसाठी जोडी हवी होती, म्हणून दुसरी आलेली तन्वीही संघात होती. मुलींबरोबर पालकांपैकी एकानं जायचं होतं. सईनं परस्पर सांगून टाकलं, "वानखेडे अंकल चलेंगे." मी स्टेशनवर तिची बॅग दिली. वानखेड्यांनी ती माझ्या हातातून घेतली, म्हणाले, "पोचल्यावर फोन करीन." दोघी मुली खिडकीजवळच्या एकाच सीटवर दाटीवाटीनं बसल्या होत्या, एका डब्यातली शेव खात. तन्वीनं माझ्याकडे पाहिलं. हसली नाही, तोंडही फिरवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. वानखेडे म्हणाले, "ताई, एकेरीत हरली. तीन गेमपर्यंत नेलं पण. देऊ का फोन तिच्याजवळ?"

सईला अजून धाप लागलेली होती. माझ्या जिभेवर प्रश्न तयार उभे होते. पंच कुठला होता? लाइनवर कोण बसलं होतं? ती मुलगी दिसायला केवढी होती? वीस वर्षांची सवय होती ती.

मी विचारलं, "जिंकली ती मुलगी कशी खेळली ग?"

मग सई सुटली. ती मुलगी डावखुरी होती म्हणे, शटल कुठे येणार कळायचंच नाही, मागे जाऊन अशी उडी मारायची की "आई, मी एक बार तर बघतच राहिले, मारायचं विसरले!" मध्येच तन्वी फोनमध्ये घुसून काही दुरुस्ती करत होती, नाही ग, तो क्रॉस होता, आणि दोघी हसत होत्या. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. हरल्याबद्दल अवाक्षर नाही.

"तू बघायला पाहिजे होतं तिला," शेवटी सई म्हणाली.

मी हो म्हटलं. त्या मुलीच्या वयाबद्दल मी त्या दिवशी विचारलं नाही, नंतरही कधी विचारलं नाही. विचारावंसं मात्र वाटलं होतं.